गाडीचा चार्जर, घराचे अर्थिंग आणि आपला विवेक

गेल्या अक्षय्य तृतीयेला माझ्या पुतण्याच्या घरी विजेवर चालणारी गाडी आली. घर जुन्या बाजारपेठेतले. खाली भुसार मालाची पेढी आणि वर बिऱ्हाड, असे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. गाडीबरोबर घरच्या सॉकेटला लावण्याचा सुटा चार्जर मिळाला होता. पूजा झाली, गाडीला हार घातला, चार्जरचा प्लग भिंतीत लावला आणि त्यावर लाल दिवा लागला. गाडी चार्ज होईना.

वायरमनला बोलावण्यात आले. त्याने पाहिले, हसला आणि म्हणाला, "शेठ, तुमच्या घराला अर्थिंग नाही. चार्जर अर्थिंग मागतो. दोन मिनिटांत काम करून देतो." त्याने सॉकेट उघडून अर्थची पिन आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तारेचा एक छोटा तुकडा जोडला. लाल दिवा गेला, हिरवा लागला. सर्वांना समाधान वाटले. वायरमन दोनशे रुपये घेऊन गेला.

पुढे सुमारे तीन आठवड्यांनी, सकाळी मंदिरातून अनवाणी परतलेली पुतण्याची सात वर्षांची मुलगी ओल्या अंगणात गाडीजवळ उभी राहिली आणि तिने दाराला हात लावला. "बाबा, गाडी चावते," असे म्हणून तिने हात झटकला. घरच्यांनी चपला घालून दाराला हात लावून पाहिला. कोणाला काही जाणवले नाही. मुलीचा खेळ समजून ती गोष्ट सोडूनही दिली गेली असती. परंतु मी त्या दिवशी तेथे होतो आणि बँकेच्या नोकरीतली एक सवय माझ्या अंगात अजून शिल्लक आहे: हिशोबात एक पैसाही जुळत नसेल, तर तो का जुळत नाही हे कळल्याशिवाय वही मिटायची नाही. मी पुतण्याला प्रथम मुख्य स्विच बंद करायला लावला आणि मग परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावले. त्याने सॉकेट उघडले, तो तारेचा तुकडा पाहिला आणि क्षणभर काही बोललाच नाही.

त्या तुकड्याची हकिकत समजावून घेण्यासाठी आणि आपल्या घरी ती घडू नये म्हणून हा लेख.

लाल दिवा काय सांगत होता

घरातील विजेच्या जोडणीत तीन तारा असाव्या लागतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते आणि अर्थ ही तार एरवी रिकामी असते. एखाद्या उपकरणाच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर तिला माणसाच्या शरीरातून न जाता थेट जमिनीत जाण्याची वाट मिळावी, एवढ्यासाठीच ती असते. गाडी रबरी चाकांवर उभी असल्यामुळे तिचे अंग जमिनीपासून तुटलेले असते. म्हणून चार्ज होत असताना गाडीच्या संपूर्ण पत्र्याला जमिनीशी जोडणारा एकच दुवा उरतो, तो म्हणजे चार्जरमधील अर्थची तार. चार्जर वीज सोडण्यापूर्वी हा दुवा तपासतो आणि तो नसेल तर काम नाकारतो. लाल दिवा म्हणजे चार्जरचा बिघाड नव्हता. तो आपल्या घराविषयीचा खरा अहवाल होता.

वायरमनने अहवाल दुरुस्त केला, घर नाही. अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडल्यामुळे चार्जरची समजूत पटली, पण गाडीचे अंग आता न्यूट्रलला बांधले गेले. न्यूट्रलचा एखादा जुना सांधा सैल असेल, तर गाडी वीज ओढू लागताच त्या सांध्यापलीकडे थोडा दाब साठतो आणि तो गाडीच्या पत्र्यावर येतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलीला तोच जाणवला. चपला घातलेल्यांना जाणवला नाही, यात नवल नाही. याहून गंभीर म्हणजे, न्यूट्रलची तार पूर्ण तुटली असती किंवा कोणी दुरुस्ती करताना फेज व न्यूट्रलची अदलाबदल केली असती, तर २३० व्होल्टचा दाब थेट गाडीच्या दारावर आला असता. त्या घरात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबीही नव्हता. आपल्या घरांतून अनवाणी वावरण्याचा आणि मंदिरातून ओल्या पायांनी येण्याचा रिवाज आहे. म्हणून हा विषय इतर कोणापेक्षाही आपल्याला अधिक लागू पडतो.

सुटा चार्जर म्हणजे नेमके काय

ज्याला आपण चार्जर म्हणतो, तो खरे पाहता चार्जर नव्हेच. घरातील वीज प्रत्यावर्ती असते आणि बॅटरीला एकदिश वीज लागते. हे रूपांतर करणारे यंत्र गाडीच्या आतच बसविलेले असते. भिंत आणि गाडी यांच्यामधली केबल व तिच्यावरील पेटी हे एका अर्थाने आपल्या पेढीवरील मुनीम आहेत: माल त्यांचा नाही, परंतु तपासल्याशिवाय ते सोडत नाहीत.

भारतात चारचाकी गाड्यांसाठी घरगुती चार्जिंगला सर्वसाधारणपणे टाइप २ जोडणी वापरली जाते. तिच्यात सात पिना असतात. पाच विजेच्या व अर्थच्या आणि दोन केवळ संवादासाठी. गाडीत जोडणी बसताच पेटी एका बारीक तारेतून सेकंदाला १००० वेळा उमटणारा संकेत पाठवते. त्या संकेताच्या रुंदीवरून गाडीला कळते की या घरातून जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे. गाडीने होकार दिल्यानंतरच पेटीतील स्विच जुळतो आणि केबलमध्ये वीज येते. म्हणूनच मोकळ्या जोडणीच्या टोकाला वीज नसते.

घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा असा चार्जर साधारण ३.३ किलोवॉट वीज घेतो. भिंतीवर कायम बसविण्याचा मोठा चार्जर ३२ अँपिअरपर्यंत, म्हणजे सुमारे ७.२ किलोवॉट देतो. रोज तीस-चाळीस किलोमीटर बाजार, मंदिर आणि मुलांच्या शाळेपुरती गाडी फिरत असेल, तर सुटा चार्जर पुरेसा असतो. रोज शंभर किलोमीटरहून अधिक वसुलीचे फेरे असतील किंवा घरात दोन गाड्या असतील, तर भिंतीवरचा चार्जर घेणे शहाणपणाचे ठरते.

विकत घेण्यापूर्वी

बहुतेकदा गाडीबरोबर चार्जर मिळतो. दुसरा घ्यावा लागतो तो पेढीसाठी, गोदामासाठी किंवा प्रवासासाठी. तेव्हा पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली, प्रवाह कमी-जास्त करण्याची सोय आहे का. ८, १०, १३ आणि १६ अँपिअर असे टप्पे देणारा चार्जर जुन्या घरांसाठी उत्तम. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ ऐवजी १० अँपिअर घेतले, तर गाडी दीडपट वेळ घेते, पण सॉकेट व तारांतील उष्णता निम्म्याहूनही कमी होते. रात्र मोठी आहे; घाई कशाला?

दुसरी, भारतीय मानक. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी आयएस १७०१७ ही मानकांची मालिका आहे. चार्जर तिच्यानुसार तपासला गेला आहे का आणि चाचणीचा दाखला मिळेल का, हे लेखी विचारावे. परदेशी पिन असलेला चार्जर घेऊन त्याला अडॅप्टर लावणे टाळावे. अडॅप्टर म्हणजे आणखी एक सैल सांधा.

तिसरी, आतील संरक्षण. गळतीचा प्रवाह, अर्थिंगचा अभाव, कमी-जास्त दाब आणि तापलेला प्लग हे चारही प्रसंग ओळखून तो स्वतःच बंद होतो का? प्लगमध्येच तापमान मोजणारा संवेदक असेल तर थोडे पैसे अधिक द्यावेत. अर्थिंगची तपासणी बंद करण्याचे बटण असलेला चार्जर मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये.

चौथी, पाणी व धूळ. पेटीवर आयपी ६५ किंवा आयपी ६७ असे लिहिलेले असते. पहिला आकडा ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, तर ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकतो. परंतु हे आश्वासन पेटीचे आहे. भिंतीतील सॉकेट उघड्यावर असेल, तर त्याला लागू होत नाही.

पाचवी, पक्के बिल. वस्तू व सेवा कर परिषदेच्या निर्णयानुसार १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाड्यांवरील कर १२ वरून ५ टक्के आणि त्यांच्या चार्जरवरील कर १८ वरून ५ टक्के झाला. बिलावरील दर पाहावा. कच्च्या बिलावर घेतलेल्या चार्जरची हमी मागायला जाण्याचे तोंड आपल्याला उरत नाही.

आधी घर, मग गाडी

माझा आग्रह असा की गाडी नोंदवली की त्याच आठवड्यात घराची तपासणी करून घ्यावी. गिझरसाठीचे सॉकेट आहे, तेच चालेल, असे अनेकजण समजतात. गिझर वीस मिनिटे चालतो. गाडी सलग आठ-दहा तास तेवढाच भार ओढते. वीस मिनिटांत न तापणारा सैल सांधा सहाव्या तासाला प्लास्टिक वितळवू शकतो.

पुतण्याच्या घरी ठेकेदाराने केलेले काम असे. मीटरजवळच्या पेटीपासून गाडीच्या जागेपर्यंत फक्त गाडीसाठी स्वतंत्र तार टाकली. तांब्याची, चार स्क्वेअरची, आयएसआय चिन्हाची. या तारेवर दुसरे काहीही जोडायचे नाही. तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा, ‘ए’ वर्गाचा आरसीसीबी बसविला. साध्या ‘एसी’ वर्गाचा आरसीसीबी स्वस्त असतो. परंतु गाडीच्या आतील यंत्रामुळे निर्माण होणारी सर्व प्रकारची गळती त्याला ओळखता येत नाही. सॉकेट औद्योगिक प्रतीचे, झाकणाचे घेतले. मागील अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा घेऊन त्याचा रोध यंत्राने मोजला व तो ५ ओहमच्या आत असल्याचे कागदावर लिहून घेतले. उन्हाळ्यात जमीन सुकली की हा आकडा वाढतो, म्हणून दरवर्षी वैशाखात फेरमोजणी करण्याचे ठरले.

या सर्व कामाचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ होता. आपण तिजोरी घेताना कुलपाच्या किमतीत घासाघीस करत नाही. येथे तर तिजोरीपेक्षा मोलाचे काही सांभाळायचे आहे.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये, हे निक्षून सांगावेसे वाटते. वरच्या मजल्यावरून खिडकीतून लोंबकळत येणारी वायर मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तसेच चार्जरची पेटी सॉकेटवर लोंबकळू देऊ नये. तिच्या वजनाने प्लग हळूहळू सैल होतो. भिंतीला खुंटी ठोकून पेटी तिच्यावर टांगावी. उरलेली केबल घट्ट गुंडाळून न ठेवता मोकळी पसरावी, म्हणजे उष्णता निघून जाते. घरातील इन्व्हर्टरवर गाडी चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये. तो या भारासाठी केलेला नसतो.

खतावणी

आता हिशोब. बॅटरी ३० किलोवॉट-तासांची आहे असे धरू. ती २० टक्क्यांवरून पूर्ण भरण्यास २४ युनिट लागतील. परंतु रूपांतरात साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर सुमारे २७ युनिट पडतील. ३.३ किलोवॉटने यास सव्वाआठ तास, तर १० अँपिअरवर, म्हणजे २.३ किलोवॉटने, जवळजवळ बारा तास लागतील. मात्र रोजच्या चाळीस किलोमीटरसाठी कमी प्रवाहावरही तीन-साडेतीन तास पुरतात.

महिन्याला १००० किलोमीटर आणि एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर घट मिळवून मीटरवर सुमारे १७५ युनिट येतील. येथे व्यापारी कुटुंबेही एक चूक करतात. ती बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढतात. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्यांनी आकारली जाते: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. घराचा वापर आधीच ३०० असेल, तर गाडीचे सर्व युनिट वरच्या, महाग टप्प्यात पडतात. म्हणून गाडीचा खर्च सरासरी दराने न मोजता शेवटच्या युनिटच्या दराने मोजावा. समजा तो इतर आकारांसह १२ रुपये पडला, तरी महिन्याचे २१०० रुपये होतात. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी १०५ रुपये दराने ७००० रुपये घेते. बचत खरी आहे, पण ती किती हे आपल्या बिलावरून ठरवावे, विक्रेत्याच्या पत्रकावरून नव्हे.

दुसरा आकडा मंजूर भाराचा. तो बिलावर छापलेला असतो. गिझर २, वातानुकूलन यंत्र दीड आणि गाडी सव्वातीन किलोवॉट एकाच वेळी चालले, तर बेरीज पावणेसातवर जाते. मंजूर भार पाच असेल, तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा किंवा वेळा वाटून द्याव्यात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरूनच स्वतःची गाडी चार्ज करण्यास मुभा दिली होती. जोडणी मंजूर आहे म्हणून भार मंजूर आहे, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. गोदामाच्या छपरावर सौरपटल असेल, तर दुपारी कमी प्रवाहावर गाडी लावून ठेवणे सर्वांत उत्तम.

धर्मशाळेतील सॉकेट

सुटा चार्जर सोबत नेता येतो, हा त्याचा मोठा गुण. कुंभोज-बाहुबली, कुंथलगिरी, मांगीतुंगी किंवा गजपंथा येथे मुक्कामी जाताना तो डिकीत असला, तर मोठा आधार वाटतो. परंतु येथेच आपल्या विवेकाची परीक्षा असते.

धर्मशाळेतील खोलीचे भाडे पंखा, दिवा आणि मोबाइल यांच्या हिशोबाने ठरलेले असते. रात्रभरात वीस-पंचवीस युनिट ओढून सकाळी न सांगता निघून जाणे म्हणजे न दिलेले घेणे. अदत्तादान आपण अणुव्रतात वर्ज्य मानतो. ते रोख पेटीतूनच होते असे नाही, तारेतूनही होते. मंदिराच्या मीटरवरील वीज तर देवद्रव्यातून भरली जाते. तेथे गाडी लावण्याचा विचारही करू नये. व्यवस्थापकांना आधी विचारावे, कोणते सॉकेट वापरावे हे त्यांना ठरवू द्यावे, चार्जर १० अँपिअरवर ठेवावा आणि चार्जरच्या पडद्यावर दिसणाऱ्या युनिटचे पैसे पावती घेऊन भरावेत. चार्जरने लाल दिवा दाखवला तर हट्ट सोडावा आणि रस्त्यावरचे सार्वजनिक केंद्र गाठावे.

विश्वस्तांनाही एक विनंती. यात्रिकांच्या गाड्या आता येणारच. एक-दोन स्वतंत्र सॉकेट, उपमीटर आणि उत्तम अर्थिंग यांची सोय करून दर फलकावर लिहिल्यास कोणालाही संकोच उरणार नाही आणि जुन्या खोल्यांतील तारांवर भारही पडणार नाही.

जयणा

शास्त्राने प्रत्येक क्रियेत जयणा, म्हणजेच यत्नाचार सांगितला आहे. चार्जिंगची जोडणी लावण्यापूर्वी तिच्या तोंडाकडे एकदा पाहावे. उबेला मुंग्या, बारीक किडे, कधी पाल येऊन बसते. मऊ कुंचल्याने अलगद दूर करावे, काम झाले की टोपण लावावे. चातुर्मासात हे अधिकच पाळावे. पावसात सॉकेट ओले दिसले, तर कोरडे होईपर्यंत थांबावे. आठवड्यातून एकदा, चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर, प्लगजवळ तळहात न्यावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर एमसीबी बंद करून सॉकेट बदलून घ्यावे. धूर दिसल्यास पाणी टाकू नये. प्रथम वीज तोडावी. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. पौर्णिमा ठरवून ठेवली म्हणजे विसर पडत नाही. बॅटरी रोज किती टक्के भरावी हे तिच्या रसायनावर अवलंबून असते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत लिहिले असेल ते प्रमाण मानावे. काम झाल्यावर स्विच बंद करावा. निष्कारण चालू ठेवलेले यंत्र हाही अनर्थदंडच आहे.

पुतण्याच्या घरी आता नवीन सॉकेटजवळ एक वही टांगलेली आहे. तारीख, युनिट, प्लगची ऊब आणि आरसीसीबीची चाचणी, असे चार रकाने. वही सात वर्षांच्या त्या मुलीकडे सोपवली आहे. दर पौर्णिमेला वडिलांनी बटण दाबले की ती खूण करते. तो तारेचा तुकडा मी मागून घेतला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. लांबी जेमतेम दोन बोटे, वजन शून्यवत्. बँकेतील चाळीस वर्षांत इतकी छोटी आणि इतकी महाग पडू शकणारी खोटी नोंद माझ्या पाहण्यात आली नव्हती.

जय जिनेन्द्र.